रस्त्यालगतचा धबधबा: वाट सोपीच असू द्यावी की गर्दीला आवर घालावा?

पायवाट

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या पिस्गा नॅशनल फॉरेस्टमध्ये यूएस २७६ रस्त्याला अगदी खेटून लुकिंग ग्लास फॉल्स आहे. उंची साधारण ६० फूट. गाडी लावून कठड्यापाशी गेलं की समोर अख्खा धबधबा, पायऱ्या उतरलं की थेट डोह. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, "हा धबधबा नाही, गाडीतळ आहे. पायऱ्या काढून टाका, ज्याला खरी ओढ आहे तो धडपडत येईल." बऱ्याच जणांनी त्याला अंगठे दिले. मला हे मुळीच पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

सरकारी जंगल सगळ्यांचं असतं. गुडघे दुखणाऱ्यांचं, तान्हं बाळ कडेवर घेतलेल्यांचं, आयुष्यात एकदाच या भागात येणाऱ्यांचंही. तासभर चढून आलेल्यालाच धबधबा बघायचा हक्क आहे, हे कुणी ठरवलं?

पण माझा खरा मुद्दा जंगलाच्या बाजूने आहे. कोऱ्या जमिनीवर सगळ्यात जास्त नुकसान सुरुवातीची थोडी पावलंच करतात. शेवाळ, कोवळी रोपं, पालापाचोळ्याचा थर तेवढ्यातच जातो. पुढे त्याच वाटेवरून कितीही माणसं गेली तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून शंभर माणसं दगडी पायऱ्यांवर उभी राहिली तर ते परवडतं. तीच माणसं पाच अनवट धबधब्यांकडे पाच नव्या वाटा पाडत गेली तर परवडत नाही. सोपा धबधबा सोपाच राहू द्या, त्याची बांधणी मजबूत करा, आणि आडबाजूच्या धबधब्यांचे नकाशे फोटोखाली टाकणं थांबवा.

देवराई

पायवाट, तुमचं गणित माणसं पायऱ्यांवर थांबतात असं धरून चाललंय. ती थांबत नाहीत. कठडा ओलांडून खडकांवर जातात, धारेच्या कडेने वर चढतात, फोटोसाठी ओल्या भिंतीला टेकतात. त्या भिंतीच तर धबधब्याचा जीव आहेत. सतत उडणाऱ्या तुषारांवर जगणारी शेवाळं, लिव्हरवर्ट (शेवाळासारख्याच चपट्या वनस्पती), नेचे इतरत्र टिकत नाहीत. दक्षिण ॲपलाचियन डोंगरांमधल्या, म्हणजे याच भागातल्या, दमट कड्यांवर रॉक नोम लायकेन नावाचं दगडफूल आढळतं. १९९५ पासून ते संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे, आणि वाढतं अतिशय सावकाश. ते बुटाखाली घासलं गेलं की पुन्हा यायला किती काळ लागेल, विचार करा.

शिवाय हे जंगल देखाव्यासाठी विकत घेतलेलंच नव्हतं. १९११ च्या वीक्स कायद्याने पूर्वेकडची ओरबाडलेली जंगलं विकत घ्यायची परवानगी मिळाली, ती नद्यांची पाणलोट क्षेत्रं राखण्यासाठी. १९१४ मध्ये पतीच्या निधनानंतर इथल्या जंगलाच्या मालकीण एडिथ व्हँडरबिल्ट यांनी सुमारे ८६,७०० एकर जमीन एकरी ५ डॉलरने सरकारला विकली. तेच पिस्गाचं मूळ. पाणी आधी, पाहुणे नंतर.

तुषारकण

"खरी ओढ" हे वाचून फार वाईट वाटलं. माझी आई व्हीलचेअरवर आहे. तिला घेऊन नानताहाला नॅशनल फॉरेस्टमधल्या ड्राय फॉल्सला गेलो होतो. त्या ७५ फुटी धारेच्या मागून चालत जाता येतं, पण तिथवर पायऱ्या आहेत. वरच्या गाडीतळापाशी मात्र व्हीलचेअर नेता येईल असा सज्जा बांधलाय. आई तिथे बसली आणि कितीतरी वेळ हलायला तयार नव्हती. खाली जाऊन आलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा तिनेच तो धबधबा जास्त पाहिला, असं मी शपथेवर सांगेन. देवराई, तुमची दगडफुलाची काळजी मला कळते. पण त्या सज्जावरून कोणतंही दगडफूल तुडवलं गेलं नाही. मग पायऱ्या काढा म्हणणाऱ्यांना नेमकं कोण नको आहे?

देवराई

तुषारकणताई, सज्जाला माझा अजिबात विरोध नाही. तसे सज्जे आणखी व्हावेत. पायऱ्या काढा असंही मी म्हटलेलं नाही. माझा विरोध डोहापर्यंतच्या मुक्तद्वाराला आहे. वरून बघा, खाली मोजक्यांनाच जाऊ द्या.

चारचाकी

झाडं-शेवाळ राहू द्या, त्या रस्त्याबद्दल कुणी बोलत का नाही? उन्हाळ्यातल्या शनिवारी यूएस २७६ वर दोन्ही कडांना गाड्या, त्यांच्या मधून पळणारी पोरं, आणि तोच रस्ता वर ब्लू रिज पार्कवे या डोंगरमाथ्यावरच्या पर्यटन रस्त्याकडे जाणारा. वळणावर समोरचं काही दिसत नाही. सरळ पार्किंगला १० डॉलर लावा. गर्दी आपोआप निम्मी होईल, आणि त्याच पैशातून एक माणूस तिथे उभा करता येईल. जवळच्या स्लायडिंग रॉकला माणशी ५ डॉलर घेतातच की!

कलमबहाद्दर

चारचाकी, ते इतकं सोपं नाही. २००४ च्या संघराज्य कायद्याने फॉरेस्ट सर्व्हिसला, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला, काही शुल्कांची स्पष्ट मनाई केली आहे. रस्त्याच्या कडेला फक्त गाडी लावली म्हणून, किंवा देखावा बघायच्या थांब्यावर थांबलात म्हणून पैसे घेता येत नाहीत. स्लायडिंग रॉकची गोष्ट वेगळी. तिथे ६० फुटी खडकावरून घसरायला लोक येतात, हंगामात जीवरक्षक असतात, कपडे बदलायची सोय आहे. सोयी दिल्या तर शुल्क, नुसतं बघायला नाही. आणि मला हा कायदा योग्य वाटतो. १० डॉलरने गर्दी कमी होईल म्हणजे नेमकं कोण येणं बंद होईल? ज्याला १० डॉलर जड जातात तो. हा गर्दीवरचा उपाय नाही, गरिबांची गाळणी आहे.

चारचाकी

बरं, मग ओरेगन राज्यात करतात तसं करा. तिथला मल्टनोमा फॉल्स सुमारे ६२० फूट उंच, त्याची देखभालही फॉरेस्ट सर्व्हिसच करते. २०२२ पासून उन्हाळ्यात फ्रीवेवरून येणाऱ्या गाड्यांना दिवसाच्या वेळेचं आधी आरक्षण करावं लागतं. शुल्क गाडीमागे २ डॉलर, तोही आरक्षणाच्या कामाचा. बसने आलात तर आरक्षणाची गरजच नाही, आणि पोर्टलंडहून बस आहे.

देवराई

हेच म्हणतोय मी. किती जणांना येऊ द्यायचं तो आकडा ठरवा.

ओलेपाय

सोप्या वाटेचा एक तोटा अजून कुणी मांडला नाही. माणूस सावध राहत नाही. चार मैल चालून गेलेल्याच्या पायात बूट असतात, तो आभाळाकडे बघतो. गाडीतून उतरलेला चपलांत असतो आणि शेवाळलेल्या खडकावर तसाच चढतो. वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढा बघता बघता फुगतो, हे त्याच्या गावीही नसतं. धबधब्याच्या माथ्यावरून घसरून माणसं मेल्याच्या बातम्या या डोंगरांमधून पुन्हा पुन्हा येतात. माझा पुतण्या असाच एकदा वाकून बघायला गेला होता, मी दंड धरला म्हणून वाचला.

आणि मजबूत बांधणीवरही फार विसंबू नका. मल्टनोमाइतकं बांधलेलं ठिकाण दुसरं क्वचितच असेल. १९९५ मध्ये तिथे सुमारे ४०० टनांचा दगड कड्यावरून सुटून वरच्या कुंडात पडला. पुलावर फोटो काढत असलेल्या लग्नाच्या वऱ्हाडातल्या २० जणांना उसळलेल्या पाण्याने आणि दगडगोट्यांनी इजा झाली.

पायवाट

ओलेपाय, पुतण्या वाचला हे फार बरं झालं. सावध न राहण्याचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय वाट अवघड करणं नव्हे. माथ्याकडे जाणाऱ्या चोरवाटा झाडोरा लावून बुजवा, आणि पाटी गाडीतळावरच लावा. डोहापाशी लावलेल्या पाटीपर्यंत पोहोचेस्तोवर माणूस पाण्यात उतरलेला असतो.

चारचाकी, आरक्षणाला मी तयार आहे, पण मल्टनोमाची नक्कल इथे होणार नाही. तिथे फ्रीवेला एक बाहेर पडायची वाट आणि एक मोठा गाडीतळ आहे, त्यामुळे गाड्या अडवता येतात. यूएस २७६ हा ब्रेवर्डहून वेन्सव्हिलला जाणारा चालता रस्ता. त्यावर नाकं बसवणार कुठे? मला यातली बस तेवढी उचलावीशी वाटते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी जंगलाच्या तोंडापासून बस सोडा, आणि वळणावरच्या कडा गाड्यांसाठी बंद करा. जागा आहे तेवढ्याच गाड्या थांबतील. हाही आकडाच झाला, देवराई, फक्त तो माणसांना न मोजता गाड्यांना मोजतो.

पाणी आधी म्हणालात, तर १९६० च्या कायद्याने नॅशनल फॉरेस्टची जी कामं ठरवली त्यात पाणलोट, लाकूड, चराई, वन्यजीव आणि मासे यांच्याबरोबर मैदानी विरंगुळाही नाव घेऊन लिहिलेला आहे.

देवराई

तुमची बस मान्य. वळणं बंद करणं तर उद्याच करावं. पण मोजक्यांनाच डोहाशी, हे मी सोडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर पिस्गा लोकांसाठी बंद करावं लागलं होतं. ओढ्याकाठची जमीन किती कच्ची आहे ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अशा काठावर रोज शेकडो पाय नकोत.

तुषारकण

मग आपण तिघं-चौघं मिळून पिस्गाच्या रेंजर कार्यालयाला लिहू या का? बस, वळणं आणि कठड्यापाशी व्हीलचेअरसाठी राखीव दोन जागा, एवढ्यावर तरी इथे कुणाचं दुमत दिसत नाही. डोहाचा मुद्दा देवराईंनी त्यांच्या नावाने वेगळा लिहावा. मी मसुदा करायला घेते.