रोगट पानाचा फोटो कसा काढावा म्हणजे रोग ओळखता येईल?

टोमॅटोवेडी: टोमॅटोच्या पानांवर तपकिरी ठिपके पडलेत. फोटो टाकला तर एक म्हणतो करपा, दुसरा म्हणतो बॅक्टेरिया, तिसऱ्याच्या मते मॅग्नेशियम कमी पडलंय. मी तर सगळ्यात खराब झालेलं पान अगदी जवळून काढलं होतं, मग कुणालाच नक्की का सांगता येत नाहीये?

हिरवापाला: तेच पान काढलं म्हणून! पूर्ण वाळलेल्या पानावर नंतर दुसऱ्याच बुरशा येऊन बसतात आणि मूळ रोगाची खूण जाते. नुकताच डाग पडायला लागलेलं पान घ्या, डाग संपून हिरवा भाग सुरू होतो ती कड फोटोत स्पष्ट आली पाहिजे. लवकर येणाऱ्या करप्यात, म्हणजे अल्टरनेरिया नावाच्या बुरशीच्या रोगात, डागात एकात एक वर्तुळं दिसतात. बॅक्टेरियाचे ठिपके बारीक, काळपट, तेलकट दिसतात, बऱ्याचदा भोवती पिवळी कडा असते. मॅग्नेशियमचं वेगळंच, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, तेही खालच्या जुन्या पानांपासून, म्हणून अख्ख्या झाडाचा एक फोटो हवाच, नुसत्या पानावरून ते कळणार कसं?

शेतातला: आणि पान उलटं करून काढा हो, हे कुणीच करत नाही! केवडा रोगाची (डाउनी मिल्ड्यू) बुरशी पानाखाली असते, सकाळी दव असताना छान दिसते. पांढरी माशी, कोळी कीड पण खालीच. फ्लॅश नको, कडक ऊनही नको, पान चमकतं आणि रंग उडतो, सावलीत काढा. बाजूला नाणं ठेवा, नाहीतर ठिपका दोन मिलिमीटरचा की दोन सेंटिमीटरचा ते कळत नाही. व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की बारीक तपशील जातात.

टोमॅटोवेडी: आज सकाळी परत काढले. नव्या डागात वर्तुळं स्पष्ट दिसतायत, खालच्या पानांवर जास्त, शेंडा स्वच्छ. पण शेजारचं एक झाड पान हिरवं असतानाच मान टाकतंय, त्याचा काय फोटो काढू?

हिरवापाला: वर्तुळं आहेत म्हणजे करपाच वाटतोय, फोटो टाकाच. दुसऱ्या झाडाचं खोड बुडाजवळ कापा आणि तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे खाली उतरले तर तो बॅक्टेरियाचा मर रोग. मागे काळा कागद धरून काढा, पांढरे धागे उठून दिसतील.