थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) ६.८ आलाय. गोळी सुरू करू का थांबू?

मंडळी, वय ३४, राहणार परभणी. इथलं एप्रिलातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. घरातले सगळे कूलरपुढं पडलेले आणि मी चादर ओढून म्हणतेय, "बारीक करा तो, गार लागायलंय." तिथंच शंका आली.

वर्षभरात पाच किलो वजन वाढलं, केस गळायलेत, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून लई जातं. सासूबाई म्हणतात, बसून बसून झालं. (बसायला मिळालं असतं तर!)

रिपोर्ट: टीएसएच ६.८, फ्री टी४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.४. एका डॉक्टरांनी लगेच ५० ची गोळी लिहून दिली. दुसरे म्हणाले, दोन-तीन महिन्यांनी परत तपासू. कुणाचं ऐकू? आणि गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात, खरंय का? जाऊबाईंनी कोबी-फ्लॉवरही बंद करायला लावलंय.

प्रतिसाद

ताई, माझी गोळी ११ वर्षं चालू आहे, तेवढ्या अनुभवावर सांगते. टी४ नॉर्मल म्हणजे ग्रंथी काम करतेय, फक्त तिला जरा जास्त हाका माराव्या लागतायत. दहाच्या आतला टीएसएच कित्येकदा आपोआप उतरतो, म्हणून परत तपासायचं. त्या वेळी अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) पण करा; ती पॉझिटिव्ह आली तर पुढं ग्रंथी मंदावायची शक्यता जास्त, आणि मग गोळी बहुधा कायमचीच. शिजवलेला कोबी खुशाल खा.

पण ते ९.४ आधी बघा. थकवा, केस, गार लागणं त्यानंही होतं. लोहाची गोळी चालू झाली आणि नंतर थायरॉईडचीही लागली, तर दोन्हींत चार तास ठेवा. थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-एक तासानं. मला तेच सगळ्यात जड गेलं.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या बाळाचा विचार आहे का? असेल तर थांबायचं गणित बदलतं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची भिस्त आईच्याच थायरॉईडवर असते.

धागाकर्ती

आहे हो ताई. दोघांनीही विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडं परत जाते, हेच आधी सांगते. अँटी-टीपीओला उपाशीपोटी जावं लागतं का?