मदत हवी आहे: असेंब्लीतला मॅक्रो सोपा दिसतो, पण रजिस्टर गुपचूप बदलतो

नमस्कार मंडळी,

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी जीएनयू असेंब्लरमध्ये कोड लिहितोय. रजिस्टरमधला (चिपमधल्या छोट्या साठवणजागेतला) एखादा बिट लावायला, म्हणजे १ करायला, 'बिट_लाव' असा एकच मॅक्रो (नाव लिहिलं की त्याजागी ठरलेल्या ओळी येतात) केलाय, वाचायला झकास.

गोची अशी, की एसबीआय ही बिट लावणारी इन्स्ट्रक्शन फक्त पहिल्या ३२ आय/ओ पत्त्यांवर चालते. पोर्टबी (पिनांचं रजिस्टर) त्यात बसतो, पण यूएआरटीची (सिरियल संवादाची) रजिस्टरं पलीकडे. तिथे एलडीएस, ओआरआय, एसटीएस (वाच, बिट लाव, परत लिही) अशा तीन ओळी लागतात. पत्ता बघून योग्य कोड घालायचं काम मॅक्रोतलं इफ-एल्स करतं. पण या तीन ओळी मधल्या कामाला आर१६ हे रजिस्टर वापरतात आणि ओआरआय फ्लॅगही (आधीच्या क्रियेच्या निकालाच्या खुणा) बदलतं. शिवाय एसबीआयच्या मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवून येणारं तातडीचं काम) घुसू शकत नाही, या तिघांच्या मध्ये खुशाल घुसतो. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही!

पुश-पॉपने (स्टॅकवर ठेवून परत काढून) आर१६ची जुनी किंमत सांभाळली जाते, फ्लॅग नाही, आणि घड्याळाच्या सायकल (लागणारा वेळ) वाढतात ते वेगळंच.

तुम्ही काय करता? तात्पुरतं रजिस्टर मॅक्रोला पॅरामीटर म्हणून देता, की सरळ दोन वेगळ्या नावांचे मॅक्रो ठेवता? मला दुसरं बरं वाटतंय, पण मग पत्ते लक्षात ठेवणं आलंच. ('सी वापर' सोडून काहीही सांगा, हा कोड असेंब्लीतच हवाय.)