काना दोनदा, पाय मोडेना: जुन्या मेकॅनिकल कीबोर्डसाठी मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात घरूनच लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. निळ्या स्विचचा टकटक वाजणारा कीबोर्ड बारा वर्षं झाली वापरतोय, गोल पिनवाला पीएस-टू. महिनाभर झाला, ई एकदा दाबली तरी मधेच दोन काने पडतात आणि डी दोन-तीनदा ठोकल्याशिवाय उमटत नाही. इन्स्क्रिप्टवाल्यांना (मराठी टायपिंगचा कीबोर्ड लेआउट) कळलंच असेल, काना आणि पायमोडी (हलन्त) नेमकी याच दोन कीजवर. परवा '॥ शरी गणेशाय नमः ॥' असं प्रूफ गेलं. नवरीच्या आजोबांनी पकडलं म्हणून वाचलो.

घर पूर्वभागात, खाली यंत्रमाग. कीकॅप काढल्या तर एक टॉवेल विणून होईल एवढी सुताची लव निघाली. ब्रश मारला, फरक शून्य. मग अतिशहाणपणा केला, डीवर सॅनिटायझर सोडला. त्यात ग्लिसरीन असतं हे नंतर वाचलं. आता ती चिकटपण झालीय.

दुसऱ्या मशीनला लावून पाहिला, तेच. मागून उघडून डीच्या स्विचचे दोन पाय चिमट्याने जोडले की मात्र हलन्त दर वेळी येतो. म्हणजे सर्किट ठीक, स्विच गेला, बरोबर ना? स्क्रोल लॉक आणि पॉज कधीच लागत नाहीत, त्यांचे स्विच इकडे लावू का? सोल्डरिंग जमतं, पण बोर्डवरचं तांबं उचकटायची भीती वाटते.

नवा घ्या म्हणू नका. रबरवाल्यावर बोटं चालत नाहीत.

प्रतिसाद:
डीचं निदान बरोबर, खुशाल बदला. सोल्डरच्या जुन्या डागावर आधी थोडं ताजं सोल्डर द्या, मग सोल्डर-पंपाने ओढा. दोन्ही पाय भोकात मोकळे हलल्याशिवाय स्विच उपटू नका, तांबं तिथेच उचकटतं. ईला मात्र घाई नको. आतली पत्ती काळवंडली की एका दाबात संपर्क दोनदा जुळतो. काही मिलिसेकंदांची थरथर कीबोर्डमधला कंट्रोलर सोडून देतो, त्याहून लांबली की दुसरा काना. वायर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, शंभरेक वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या. आणि पीएस-टू चालू मशीनवर काढू-घालू नका.

धागाकर्ता:
आभारी आहे. खालचे माग बंद असतील त्या दिवशीच उघडतो. डीचा मेलेला स्विच स्क्रोल लॉकच्या जागी बसवीन, भोक तरी दिसायला नको.