स्टोअरमधून अकाउंट्सकडे: समायोजन नोंदींचा सराव कसा करावा?

मदत हवी आहे. स्टोअर सांभाळणाऱ्याला आवक-जावक, चलन-बिल जुळवणं, साठा मोजणं येतंच. म्हणजे पाया तयार असतो. जर्नल (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (त्याच नोंदी खात्यानुसार), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची बेरीज जुळते का हे दाखवणारा तक्ता) हेही सरावाने जमतं. तेरजेतल्या फरकाला 9 ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधायची (540 चे 450), फरकाच्या निम्मी रक्कम दिसली तर ती उलट्या बाजूला पडलीय का बघायचं.

अडतं पुढे, समायोजन नोंदींत, म्हणजे ज्या त्या महिन्याचे राहिलेले खर्च-देणी त्याच महिन्यात धरणाऱ्या नोंदींत. माल महिनाअखेरीस आला, बिल पुढच्या महिन्यात. अखेरच्या साठ्यात माल धरला, पण खरेदी आणि देणं नोंदवलंच नाही, तर नफा फुगतो आणि तेरीज तरीही जुळते! अशा नोंदींचा सराव वाणिज्य पदवी नसताना खऱ्या कागदांवर कसा मिळवावा? मुलाखतीत बँक जुळवणी पत्रक (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट यांतल्या फरकाचा मेळ) दाखवावं की अख्ख्या महिन्याचं क्लोजिंग (महिनाअखेरीस हिशेब पूर्ण करून बंद करणं)?