त्वचेसाठी तुमचं आवडतं काय? आणि कपड्यांमधले छोटे बदल घरी कसे करता?

रानजाई

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न एकत्रच विचारतेय कारण माझ्याकडे ते एकमेकांत अडकलेत. मी मूळची देवरूखची, लग्नानंतर नागपुरात. शाळेत शिकवते, रोज स्कूटीवर १२ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. कोकणात असताना चेहऱ्याला पाण्याशिवाय काही लावल्याचं आठवतच नाही, हवाच दमट. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की हात धुतले की पांढरे पडतात. टाचांच्या भेगा चादरीत अडकतात. कपाळ नाक मात्र तेलकट, हनुवटीवर अजून फोड येतात, वय ३६.

आता कपड्यांचं. दोन वर्षांत वजन थोडं वाढलं आणि सगळे कॉटनचे कुर्ते बगलेत काचायला लागले, घामाने तिथे पुरळ उठतं आणि काळं पडतंय. कुर्ते चांगले आहेत, टाकवत नाहीत. शिवाय पांढऱ्या कुर्त्यांच्या गळ्याला पिवळट नारिंगी डाग पडतात जे धुऊन जात नाहीत, आणि एका गडद निळ्या कुर्त्याच्या गळ्याजवळचा रंगच उडालाय. टेलरकडे अल्टरेशनला दिलं तर तो म्हणतो नवीन शिवा त्यापेक्षा. माझ्याकडे मशीन नाही, सुईदोरा आहे आणि रविवारची दुपार आहे. तुम्ही स्वतः काय वापरता, काय करता ते सांगा, जाहिरातीतलं नको.

मोगराकळी

रानजाई, मी अकोल्याची, त्यामुळे तुझं ऊन मला माहितीये. माझ्याकडे फार काही नाही, पण जे आहे ते गेली सात आठ वर्षं तेच आहे.

सकाळी नुसतं पाणी, संध्याकाळी साधा फेसवॉश जो धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत नाही. साबण चेहऱ्याला बंद केला तेव्हाच निम्मा फरक पडला, कारण त्वचा स्वतः थोडी आम्लधर्मी असते आणि अंगाचा साबण अल्कली, तो रोज लावला की कोरडं पडणारच. मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० सुद्धा पुरतं, ते साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि ५० वालं ९८, पण लोक लावतात वाटाण्याएवढं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण रेघ ओढायची, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. आणि ट्यूबवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघ, ते यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या किरणांसाठी असतं, टॅनिंग आणि वांग त्यानेच वाढतो. बारा वाजता शाळेतून निघत असशील तर निघायच्या आधी परत लाव.

हातांसाठी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी, एकास चार, एका छोट्या बाटलीत हलवून ठेवते. पण एक गोष्ट लक्षात घे, ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, हवेत ओलावा नसेल तर ते त्वचेतूनच ओढतं, म्हणून कोरड्या हातांवर जाड थर लावायचा नाही, हात धुतल्यावर ओले असतानाच लावायचं आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली. टाचांना रात्री कैलास जीवन आणि वर सुती मोजे, हे आमच्या घरात आजीपासून चालू आहे, तो कापराचा वास आला की मला झोपच येते.

उटणं फक्त दिवाळीत. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद हा वास मला फार प्रिय आहे पण रोज चेहऱ्यावर घासायचं काम नाही ते. आणि लिंबू चेहऱ्याला अजिबात नको, कोणी कितीही सांगो, लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन लागलं की चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

सुईदोरा_सातारा

बाळा, कुर्ते टाकू नकोस. बगलेत काचतंय ना, त्याला जुना उपाय आहे, चौबगला घालायचा. पूर्वी नेहरू शर्टाला, अंगरख्याला बगलेत चौकोनी तुकडा असायचा तो हाच. हल्ली कापड वाचवायला आणि फिटिंगच्या नादात काढून टाकला आणि मग हात वर केला की आख्खा कुर्ता वर येतो.

करायचं असं. कुर्ता उलटा कर. बगलेत जिथे बाहीची शिवण, बाजूची शिवण आणि मुंढ्याची, म्हणजे बाही अंगाला जोडलेली, शिवण एकत्र येतात ती जागा बघ. तिथून बाहीकडे अडीच इंच आणि खाली कमरेकडे अडीच इंच शिवण उसव. मुंढ्याची शिवण उसवायची नाही, फक्त मार्जिनमध्ये, म्हणजे शिवणीच्या आत दाबलेल्या कापडात, ती मोकळी कर. आता तुला भोक दिसेल, त्याला चार कडा आहेत, प्रत्येक अडीच इंचाची. साडेतीन इंचाचा चौकोन काप, चारी बाजूंनी अर्धा इंच दाबला की बरोबर अडीच उरतो. चौकोनाचा एक कोपरा बाहीकडे, एक कमरेकडे आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर, असा शंकरपाळ्यासारखा बसव. आधी टाचण्या नाही, कच्चा धावदोरा घाल, कारण टाचणीने कोपरे सरकतात. मग उलट टीप, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई मागे नेऊन, घाल हाताने, बारीक, दुहेरी दोरा नको, एकेरीच पण मेण लावलेला. घरात देवापुढची मेणबत्ती असते ना, त्यावरून दोरा दोनदा ओढला तरी पुरे. कोपऱ्यावर आलीस की सुई कापडात ठेवून वळ आणि तिथे दोन टाके जास्त घाल, फाटतं ते कोपऱ्यातच.

मधोमध साडेतीन इंच जागा मिळते एकेका बगलेला. करून बघ, हात डोक्यावर जाईल.

कापड कुठून आणायचं, तर कुर्ता लांब असेल तर खालून दोन बोटं कमी कर, नाहीतर त्याच्याच ओढणीचा कोपरा घे. आणि तेही नसेल तर जुन्या सुती साडीचा तुकडा, रंग जुळला नाही तरी चालतो, बगलेत कोण बघतंय, पण कापड मऊ हवं कारण तिथली त्वचा आधीच दुखावली आहे. नवं कापड असेल तर आधी पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्या धुण्यात तुकडा आटतो आणि शिवण ओढली जाते. खडू नसेल तर साबणाची झिजलेली चिप घे, रेघ छान उमटते आणि धुतली की जाते.

ब्लाऊजचं याहून सोपं. बहुतेक टेलर आत इंच दीड इंच कापड ठेवतात आणि दोन तीन टिपा मारलेल्या असतात, आतली एक उसवली की झालं. उसवताना ब्लेड घेऊ नकोस, तीन टाके सोडून एक असा बारीक कात्रीने काप आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढ, सरसर निघतो.

निळीशाई

डागांचं मी सांगते, औषधांच्या क्षेत्रात काम करते त्यामुळे हे प्रश्न रोज ऐकते.

पांढऱ्या कुर्त्यावरचे नारिंगी डाग सनस्क्रीनचेच असणार. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असतं, आणि पाण्यात लोह असेल, म्हणजे बोअरचं पाणी असेल तर त्याची लोहाशी क्रिया होऊन गंजासारखा रंग येतो. म्हणून तो डाग धुतल्यावर जास्त दिसतो, आणि ब्लीच टाकलं तर आणखी पक्का होतो. तिथे लिंबू वापर! चेहऱ्याला नको पण गळ्याला चालेल, कुर्त्याच्या. एक तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, त्यात फक्त गळ्याचा भाग अर्धा तास भिजव, मग नेहमीसारखं धू. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघ. पुढच्या वेळी सनस्क्रीन लावल्यावर १५ मिनिटं थांबून मग कुर्ता घाल, किंवा नुसत्या झिंक ऑक्साइडचं घे, ते गडद कपड्यांना पांढरं लागतं पण धुऊन जातं.

निळ्या कुर्त्याचं वेगळं आहे. हनुवटीच्या फोडांसाठी रात्री जेल लावतेस का, बेन्झॉइल पेरॉक्साइडचं? ते कापडाचा रंग खातं. तो डाग नाही, रंगच गेलाय, त्यामुळे काहीही केलं तरी परत येणार नाही. औषध चांगलं आहे, बंद करू नको, अडीच टक्क्यांचं सुद्धा काम करतं आणि कमी जळजळतं. फक्त उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेव, आणि अभ्रा आठवड्यातून दोनदा बदल.

बगलेतलं पुरळ महिनाभरात गेलं नाही, किंवा कड गोल उठलेली आणि खाज असेल तर ते नुसतं काचणं नाही, बुरशी असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. आणि हे मी हात जोडून सांगते, दुकानातून विचारून मलम आणू नको. माझ्या मावसबहिणीला वांगासाठी अशीच एक ट्यूब कुणीतरी दिली, पंधरा दिवसांत चेहरा उजळला म्हणून ती खूश, दीड वर्ष लावत राहिली. आता त्वचा इतकी पातळ झालीये की लाल शिरा दिसतात आणि उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी दिलं तर ठरलेल्या दिवसांपुरतं ठीक, स्वतःच्या मनाने नाही. मला हे सांगताना अजून राग येतो कारण तिला कुणी एक वाक्य बोललं असतं तर हे टळलं असतं.

भिरंड

देवरूखची आहेस आणि मुठेल विसरलीस काय गं? कोकमाच्या बियांचं तेल, आम्ही सावंतवाडीकडचे, आमच्याकडे प्रत्येक घरात त्याचा गोळा असतो. मुठीने दाबून वळतात म्हणून मुठेल. घट्ट असतं, अंगाच्या उष्णतेला हळूहळू विरघळतं, म्हणून भेगांत बसतं आणि सांडत नाही. चमच्यात थोडं दिव्यावर वितळव, कोमट झालं की भेगेत सोड आणि मोजा घाल. नागपूरच्या हिवाळ्यात तुझ्या टाचांना हेच लागणार. माहेरी फोन कर, कोणी येताना आणेल. चेहऱ्याला मात्र मी लावत नाही.

दुचाकी_पुणे

मी पुरुष, पण शिवतो, हॉस्टेलला शिकलो. दोन गोष्टी सांगतो. एक, जुन्या लेगिंग्जचे पाय गुडघ्याखाली कापून स्कूटीसाठी हातमोजांसारख्या बाह्या होतात, घोट्याची कड मनगटाला येते, वर दंडाला कड दुमडून अर्धा इंच इलॅस्टिक ओवायचं. गडद रंगाचीच घ्या, पातळ पांढऱ्या कापडातून ऊन बरंच आत येतं.

दुसरं, जीन्सची लांबी. मूळची जाड कड तशीच ठेवून कमी करता येते. दोन इंच कमी करायची असेल तर पाय बाहेरच्या बाजूला दुमडायचा आणि मूळ कडेच्या टिपेपासून दुमडीपर्यंत एक इंच मोजायचं, निम्मं, कारण कापड दुहेरी जातं. टिपेला अगदी चिकटून उलट टीप घालायची आणि कड खाली ओढायची. आतलं जास्तीचं कापड इस्त्री करून दाबून टाकलं की बाहेरून कळतही नाही. सुई जाड घ्या आणि अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, लागतंच, मी एकदा नखाखाली सुई घुसवून घेतली आहे, खूप दुखतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. निळीशाई, अगदी बरोबर, जेल बेन्झॉइल पेरॉक्साइडचंच आहे आणि आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. लिंबूसत्वात दोन कुर्ते भिजवले, एकाचा डाग पूर्ण गेला, दुसऱ्याचा फिका झालाय, परत करणार.

सुईदोरा काकू, एका कुर्त्याला चौबगला घातला. पहिला एक तास नुसता कोपऱ्यांत गेला, दोनदा उसवला, पण काल तो घालून फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत लिहिलं आणि बगलेत काही ओढलं नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता निळ्या कुर्त्याचं विचारते, गळा गोल आहे आणि आईची फाटलेली इरकल आहे, तिचा काठ त्या उडालेल्या रंगावर लावता येईल का?

सुईदोरा_सातारा

शाब्बास! दोनदा उसवला म्हणजे हात बसायला लागला.

काठ गोल गळ्याला वळणार नाही, तो उभ्या धाग्याचा असतो, चुण्या पडतात. दोन मार्ग आहेत. एक तर साडीच्या अंगातून तिरकी, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात दीड इंचाची क्रॉसपट्टी काप, ती ताणते आणि गळ्याभोवती सुंदर बसते. नाहीतर काठच लावायचा असेल तर गळ्याच्या मधोमध खाली सहा सात इंच उभी पट्टी लाव आणि गळ्याला क्रॉसपट्टी, दोन्ही एकाच साडीतून. रंग कुठपर्यंत उडालाय ते आधी मोज, पट्टीने तो पूर्ण झाकला गेला पाहिजे. आणि साडी आधी वेगळ्या पाण्यात भिजव, इरकलीचा लाल काही वेळा सुटतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. आईची साडी आहे तर पदर कापू नकोस, तो ठेव, नेसायच्या आतल्या टोकाकडून काप.