मदत हवी आहे: लग्नाचे फोटो छापायचेत, आपल्या दमट हवेत टिकतील असे

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. धाकट्या भावाचं लग्न वैशाखात झालं. फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दोन हजारांवर फोटो दिले. अल्बमचं विचारलं तर भाऊ म्हणाला, "हल्ली कोण बघतं?"

आई बघते. मोबाइलवर बोट सरकवत नाही, मांडीवर अल्बम घेऊन. तिच्या लग्नाचा अल्बम काळ्या जाड पानांचा, मध्ये जाळीचा पातळ कागद. ४० वर्षं झाली, अजून उघडतो. अंतरपाटाच्या फोटोचा एक कोपरा तेवढा बुरशीने खाल्लाय. उलट माझ्या लग्नाची सीडी आता चालतच नाही, ते फोटो गेले ते गेलेच. म्हणून यातले निदान शंभर छापायचे, हे मी ठरवलंय.

अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांनासुद्धा कुबट वास येतो. मग लॅबमधले सिल्व्हर हॅलाइड प्रिंट (प्रकाशाला संवेदनशील कागदावर, रसायनांत धुऊन काढलेले) घ्यावेत की इंकजेटचे, म्हणजे शाई फवारून छापलेले? मॅट की ग्लॉसी? पानांवर थेट छापलेला अल्बम बरा, की सुटे फोटो कोपऱ्यांत अडकवलेले? मला सुटेच बरे वाटतात, एक बिघडला तर एकच बदलता येतो.

१२ × १८ इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचे न घेता मूळ फाइलीच मागून घेतल्यात.

फोंडा, म्हापसा किंवा मडगावात कोणी अल्बम करून घेतला असेल आणि त्याने दोन-तीन पावसाळे काढले असतील, तर कृपया सांगा. सिलिका जेलच्या पुड्या किती दिवसांनी बदलता? चवथीला घरचे सगळे जमतील, त्याआधी आईच्या हातात द्यायचाय.